तीन वाचनांचं घर

आमच्या घरमालकांच्या घरात नळाखाली कुणाची बादली आधी लागणार, हे ठरवायला आधी विधेयक मांडावं लागे. हे मी थट्टेनं सांगत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या दुमजली घरात मी दहा-बारा वर्षं भाड्यानं राहिले आणि तेवढ्या काळात नळ, संडासाचं कुलूप, मिरची कांडायचा वार आणि जिन्यातला दिवा या चारही गोष्टींवर रीतसर कायदे झालेले मी पाहिले. त्यातले दोन मी स्वतः अडवून धरले होते.

आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणायचो. साठीला आलेला, उंच, जरा वाकलेला ब्रह्मचारी माणूस. एरवी पंचा आणि बंडीवर असायचे. पण सभा भरली की वरून काळा कोट चढवायचे. खाली पंचा तसाच. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, बाकाआडून माणूस कमरेच्या वरच दिसतो, मी मुंबईला बघून आलोय.

मुंबईला ते खरंच गेले होते. संस्थान विलीन झालं, भोवतालच्या जहागिऱ्याही गेल्या आणि कोल्हापूरला लागणारे कायदे मुंबईत व्हायला लागले, तेव्हा मालकांना राहवेना. कायदा होतो कसा, हे डोळ्यांनी बघायचं म्हणून ते पदरचं भाडं घालून गेले आणि आठवडाभर विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसून आले. लोक मुंबईहून कापड आणतात, घड्याळ आणतात. यांनी सरकारी गॅझेटचा गठ्ठा आणला. त्या आठवड्यातली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. कुठल्याशा तालुक्याचा एक सभासद उभा राहिला आणि म्हणाला, या कलमातला एक शब्द माझ्याकडच्या माणसांना जाचेल. मग म्हणे अख्खं सभागृह त्या एका शब्दापाशी थांबलं, वाद झाला आणि शब्द बदलला. हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई. मला त्यात भरून येण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, पण त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटे.

परत आल्यावर त्यांनी घराचं सभागृहच करून टाकलं. तळमजल्यावर दोन बिऱ्हाडं होती: एक मालकांचं आणि एक उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या मिस्त्रींचं. मालक, मिस्त्री आणि मिस्त्रींची बायको मिळून खालचं सभागृह झालं. वरच्या मजल्यावर मी. माझे यजमान राधानगरीला धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते आणि पंधरा दिवसांतून कधीतरी उगवायचे. त्यामुळे वरचं सभागृह म्हणजे मी एकटीच. आणि राज्यपाल म्हणून मालकांनी स्वतःच्या थोरल्या विधवा बहिणीला नेमलं होतं, आक्कांना.

आक्कांना आपण राज्यपाल आहोत याचं काही सुखदुःख नव्हतं. खाली विधानसभेतल्यासारखी विधेयकाची तीन वाचनं व्हायची, मग मालक कागद घेऊन जिना चढायचे आणि माझं दार सताड उघडं असलं तरी टकटक करायचे. माझी मंजुरी मिळाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून अख्खा कायदा वाचून दाखवायचे. आक्का चुलीकडून मान न वळवता म्हणायच्या, “व्हय.” झाला कायदा लागू. तो कशाचा होता हे त्यांना दुसऱ्या दिवशीही सांगता आलं नसतं.

मिरची कांडायच्या कायद्याला मी अडून बसले होते, ते निव्वळ कुतूहलानं. वर्षाची चटणी मिस्त्रीणबाईंनी अंगणात फक्त रविवारी कांडावी असं खालच्यांनी ठरवलं. रविवार हा माझा सुट्टीचा एकच दिवस, तो मी शिंकत का घालवू? मी म्हटलं, नामंजूर. मला वाटलं आता मालक चिडतील. ते इतके खूष झाले की जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून राज्यघटनेचं पुस्तक घेऊन आले. म्हणाले, बाई, तुम्हाला तीन महिने अडवता येतं, मग आम्ही पुन्हा मंजूर करणार, मग तुमचं काही चालणार नाही. तीन महिन्यांत पाऊस लागला असता आणि मिरच्या बुरसल्या असत्या. शेवटी शनिवार दुपार ठरली.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. नगरपालिकेची नोटीस असो, वर्तमानपत्रातली बातमी असो की कुणाच्या लग्नात आहेर स्वीकारला जाणार नाही अशी तळटीप असो, मालक चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, “हे पडणार कुणावर?” दारूबंदी आली तेव्हा पेठेत सगळीकडे तोच विषय होता. कोण सरकारला शिव्या घालत होतं, कोण आरती ओवाळत होतं. मालक दोन्ही बाजूंना तेवढंच विचारायचे. अफूचं गॅझेट आलं तेव्हाही तेच. सवयीच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळणार आणि मापानं अफू मिळत राहणार, हे कलम त्यांनी ओसरीत तीनदा मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, “बघा, म्हाताऱ्यांची आठवण ठेवली यांनी.” त्यात एवढं काय, असं मला वाटलं.

तरुणपणी ते जवळच्याच एका लहानशा जहागिरीत कारभाऱ्यांच्या कचेरीत होते. कायद्यांचे मसुदे लिहिणं हे त्यांचं काम. त्याविषयी विचारलं की हसत सुरुवात करायचे: तिथं कायदा सकाळी सुचायचा, दुपारी मी लिहायचो, संध्याकाळी दवंडी पिटली जायची. मी म्हणायचे, मग? “मग काही नाही,” असं म्हणून ते पाण्याचा तांब्या शोधायला उठायचे. दर वेळी त्याच ठिकाणी थांबायचे. मी शाळामास्तरीण, मूल कविता म्हणताना एकाच ओळीला अडखळत असेल तर पुढची ओळ त्याला नको असते, हे मला ठाऊक होतं. पण ती ओळ कोणती, हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी कधी मागितला नसता.

माझी मुलगी तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. मी शाळेत गेले की आक्का तिला सांभाळायच्या. पैशाचा विषय काढला तर त्यांनी माझ्यावर फुंकणी उगारली होती. मुलगी अतिशय शांत. मी यायचे तेव्हा झोपलेली असायची. शाळेत बाकीच्या बाया पोरांच्या रडण्याची गाऱ्हाणी सांगायच्या आणि मी ऐटीत सांगायचे, आमची नाही हो रडत.

एके दिवशी शाळा दुपारीच सुटली. मी घरी आले, पाळण्यातून तिला उचललं आणि तिची मान माझ्या हातावर कलंडली. हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, पदराखाली घेतलं. ती ओठसुद्धा हलवेना. श्वास होता, पण खूप सावकाश. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मिस्त्रींची त्या दिवशी सुट्टी होती, ते सायकलवर डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि कुणाकडेच न बघता विचारलं, काय दिलं हिला?

आक्कांनी कनवटीची गाठ सोडली आणि एक पितळेची डबी पुढं धरली. “मव्हरीयेवढी देतो रोज. आज दात शिवशिवत हुतं, लई रडाय लागली. म्हणून आणि एक दिली.”

अफू. गावाकडच्या एका परवानेवाल्या म्हाताऱ्याकडून त्या ती आणायच्या. त्या बाजूच्या कितीतरी बायका शेतावर जाताना पोरांना अशी गोळी द्यायच्या. त्यांच्या लेखी ते गुटीसारखंच. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी मुलीला झोपू दिलं नाही. तोंडावर पाणी मारत, तळव्यांना टिचक्या मारत आम्ही तिला हातोहात फिरवत होतो. दिवेलागणीला तिनं एकदाचा टाहो फोडला आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून तिच्याहून मोठ्यानं रडले.

मग मला राग आला. असा राग मला त्याआधी आणि नंतरही आला नाही. मी मालकांना सांगितलं की सकाळी मी पोलिसांत जाणार, डबीसकट सगळं सांगणार आणि तुमची जागाही सोडणार. मालक म्हणाले, जा, तुमचा हक्क आहे. मग सवयीनं त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मी म्हटलं, “विचारूच नका. माझ्या पोरीवर पडलंय.” त्यांनी हात खाली घेतला.

सकाळी मी लुगडं बदलून जिन्यात आले तर खाली सभा भरलेली. काळा कोट. एका ओळीचं विधेयक होतं: या घरात कोणीही, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही स्वरूपात अफू आणू, ठेवू वा देऊ नये. माझ्या डोक्याची शीर उठली. काल माझं लेकरू मरत होतं आणि हा माणूस खेळ मांडून बसलाय. पण मी थांबले. एवढ्या रागातही मला बघायचं होतं की आक्कांवर पडणारा कायदा हे आक्कांपुढे कोणत्या तोंडानं वाचणार.

खाली कुणी वाद घातला नाही. तिन्ही वाचनं झाली. मी वरूनच मंजूर म्हणाले. मालक उंबऱ्याशी गेले आणि त्यांनी वाचलं. चुलीशी भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. आक्कांनी मान वळवली.

“न्हाय,” त्या म्हणाल्या.

मालकांनी हातातला कागद खाली घेतला. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, राज्यपालांना विधेयक निरोपासह परत पाठवता येतं. मी हातातली पिशवी आपटली. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आक्कांना विचारलं, “निरोप काय आहे?”

“निरोप?” आक्का पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीत आल्या. “त्या टायमालाबी तू कोटच घातलावतास. उद्यापास्नं अफूचं दुकान बंद, असा हुकूम लिव्हलास. आबास्नी इचारलंवतंस? कंबरंच्या दुखण्यानं माणूस लोळत हुतं. अफूच्या गोळीवर दोन घास खाईत हुतं. मी पल्याडच्या गावातनं चोरून आणून घालाय लागलो, तर तूच डबी काढून घेतलीस. हुकूम म्हणं समद्यास्नी सारखा. पंधरवडाबी काढला न्हाई आबांनी.”

मालक खाली बघत होते. ज्या ठिकाणी ते दर वेळी तांब्या शोधायला उठायचे त्याच्या पुढची गोष्ट ही होती. स्वतःच्या बापाचं औषध त्यांनी एका दुपारी, सुवाच्य अक्षरात बंद केलं होतं.

“पोरीला दिली ही माझी चूक हाय,” आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. “माझ्या हातनं तिला कायबी झालं असतं तर मी हिरीत उडी घेतली असती, बाई. घाला की बंदी. खरं नुसतं बंद म्हणून हुतंय काय? तुमी साळंत. मी चुलीम्होरं. गुडघं माझं गेल्यात, पोर काखंला घिऊन हुबं ऱ्हावत न्हाई. ती किंचाळाय लागली की घ्यायची कुणी? बंदी घालतोय त्येनं पाळणा हालवावा. ह्यो माझा निरोप.”

मालक जागेवर जाऊन बसले. त्यांनी दौत ओढली आणि दुसरं कलम लिहिलं: शाळेच्या वेळेत पाळण्याची दोरी घरमालकाने धरावी. पुन्हा पहिलं वाचन, दुसरं, तिसरं. मग कागद घेऊन ते पायऱ्या चढून माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून आक्कांकडे पाहिलं. त्या पिठाचे हात वर धरून, नेहमीच्या सवयीनं माझ्या मुलीचं वाळत घातलेलं अंगडं पावसात भिजत नाही ना, हे बघत होत्या. पोलिसांत जायचं माझं धाडस तिथंच संपलं. मी मंजूर म्हणाले. आक्कांनी या वेळी पुरतं ऐकून घेऊन “व्हय” म्हटलं आणि डबी चुलीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून तो ब्रह्मचारी माणूस पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसायला लागला. अंगाई एकही येत नव्हती, म्हणून गॅझेट वाचायचे. मी शाळेतून आले की मला अहवाल मिळे: आज व्याख्यांच्या कलमालाच झोपली, आज मात्र दंडाच्या तरतुदीपर्यंत जागी होती. मिस्त्री मला म्हणाले, “बाई, ही पोरगी वकील हुतीय बघा.” बोलायला लागल्यावर ती दुधाला नाही म्हणायची नाही. ‘परंतु’ म्हणायची आणि तोंड फिरवायची. मी त्या घरातून हलायचं पुन्हा मनातसुद्धा आणलं नाही.

मालकांना कंबरेचं दुखणं लागलं तेव्हा मुलगी तिसरीत होती. आबांचंच दुखणं, आक्का म्हणाल्या. आधी चालणं गेलं, मग बसणं. शेवटी शेवटी कूस बदलतानाही ते हाताची मूठ चावायचे. ते बघवत नव्हतं. डॉक्टर तेच, तेही आता थकलेले. त्यांनी एक दिवस दुपारी बाटली आणली. दिवसातून तीनदा थेंब घ्या, दुखणं जाणार नाही पण सोसवेल. मालकांनी विचारलं, यात काय आहे? डॉक्टर म्हणाले, अफूचा अर्क.

“मग ती बाहेर ठेवा,” मालक म्हणाले.

आम्हाला वाटलं, वातात बोलताहेत. तसं नव्हतं. या घरात कोणीही, कोणत्याही कारणासाठी. कायदा लागू होता. डॉक्टर वैतागून बाटली बाहेरच्या पायरीवर ठेवून गेले. मिस्त्रीणबाई तिच्यावर सूप उपडं घालून राखणीला बसल्या. मी मालकांशी भांडले. म्हटलं, सरकारच्या कायद्यात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला सूट आहे, तुम्हीच आम्हाला वाचून दाखवलंय. त्यांनी डोळे मिटले. “त्यांच्यात आहे. आपल्यात लिहायची राहिली. आजाऱ्याची आठवण मला दोन्ही वेळा झाली नाही, बाई. पहिल्यांदा एका दुपारीत लिहिलं म्हणून, असं मी समजत होतो. दुसऱ्यांदा तर तीन वाचनं केली.” मग थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, “या खेपेला पडलं माझ्यावर. बरं झालं.”

“मग दुरुस्ती मांडू,” मी म्हटलं. ती मांडायची तर सभा हवी, आणि मिस्त्री कारखान्यात, रात्रीपर्यंत येणार नव्हते. त्यांच्यावाचून सभा भरवायला मालक तयार नव्हते. आक्का उशाशी बसून होत्या. त्यांनी भावाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. सत्तरी उलटलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की बापासारखंच आता भावालाही मरताना बघायची वेळ तिच्यावर आली आहे.

इतकी वर्षं मी वरचं सभागृह होते. कधीतरी थोडं शिकले असेनच. मी म्हटलं, “मालक, सभा भरलेली नाही, असंच ना?”

“नाही.”

“मग सभा भरलेली नसताना राज्यपालांना वटहुकूम काढता येतो.”

त्यांनी डोळे उघडले. दुखण्यानं काळवंडलेल्या त्या चेहऱ्यावर विधानसभेच्या गॅलरीत बसलेला माणूस क्षणभर दिसला. “कलम?”

“दोनशे तेरा.”

त्यांनी मान हलवली, पण सोडलं नाही. “तातडीनं काही करणं भाग आहे, अशी राज्यपालांची खात्री पटलेली असली पाहिजे.”

“खात्री हाय,” आक्का म्हणाल्या. “ए मिस्त्रीण, आण गं ती बाटली आत. माझा हुकूम हाय. आणि तू तोंड उघड.”

त्यांनी तोंड उघडलं. बाटली मी धरली आणि थेंब आक्कांनी मोजले. थोड्या वेळानं मालकांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या आणि मुठी सैल झाल्या. माझी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि काही न सांगता उशाकडचं गॅझेट उचलून वाचायला बसली. एक पान झाल्यावर मालकांनी माझ्याकडे मान वळवली.

“वटहुकूम किती दिवस टिकतो, ठाऊक आहे ना?”

“सभा पुन्हा भरली की त्यापुढं सहा आठवडे.”

“मग सभा भरवायची घाई करू नका,” असं म्हणून ते झोपले.

पुढचे दोन महिने त्यांनी त्या थेंबांवर काढले आणि एका दुपारी, मुलीचं वाचन चालू असतानाच, शांतपणे गेले. नंतर मिस्त्रींनी एकदा विचारलं, नळाचा कायदा जुना झालाय, एकदा सभा घ्यायची का? आक्का चुलीशी होत्या. त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, “न्हाय.” ती सभा आम्ही पुन्हा कधी भरवली नाही.